गरोदरपणातील ताट, पाणी आणि धूर : पहिल्या खेपेच्या घरासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

पाळी चुकून आठ-दहा दिवस झाले की औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणली जाते, तिच्यावर दोन रेघा उमटतात आणि मग घरात खाण्यापिण्याकडे लक्ष देण्याची भाषा सुरू होते. अडचण अशी, की ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटून पूर्ण होते. म्हणजे घरात पेढे वाटायचे की नाही याची चर्चा चाललेली असते, तेव्हा ते काम जवळजवळ उरकलेले असते. म्हणूनच या मार्गदर्शनाची पहिली पायरी दिवस राहण्याच्या आधीची आहे.

कोल्हापूर परिसरात प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या बायकांशी आहाराविषयी बोलण्याचे काम मी काही वर्षांपासून करते. काय खावे हे त्यांतील बहुतेकींना ठाऊक असते, असा माझा अनुभव आहे. ठाऊक असलेले त्यांच्या ताटापर्यंत पोहोचत नाही, आणि ज्या धुरात त्या रोज उभ्या असतात त्या धुराविषयी त्यांना कोणी विचारलेले नसते. त्यामुळे पुढील सूचना गरोदर बाईसाठी आहेतच, पण त्या घरात वाढणाऱ्या सासूसाठी, बाजार आणणाऱ्या नवऱ्यासाठी आणि पहाटे बंब पेटवणाऱ्या सासऱ्यांसाठीही आहेत.

पहिली पायरी : दिवस राहण्याआधीची तयारी

मूल हवे असे ठरले, की त्याच महिन्यापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी सुरू करावी आणि दिवस राहिल्यावर १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत ती चालू ठेवावी. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या सल्ल्यामागे आहे. पूर्वी मज्जानलिकेचा दोष असलेले मूल झालेल्या ज्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतले, त्यांच्यात तोच दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी कमी झाले. त्या स्त्रियांना दिलेली मात्रा रोज ४ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या दहापट होती. एवढी मात्रा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही.

फॉलिक आम्लाच्या जोडीला ब-१२ जीवनसत्त्वाचाही विचार करावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि त्यात जन्मलेल्या मुलांची पुढे अनेक वर्षे तपासणी केली. ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक आम्ल याच गटातले) भरपूर होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. ब-१२ हे दूध, दही, अंडी, मांस आणि मासे यांतून मिळते. आपण कोल्हापूरकर मटण खाणारे असल्याने आपल्याला ही कमतरता नसणार, असे समजण्यात अर्थ नाही. घरात मटण शिजते आणि बाई सोमवार, गुरुवार, शनिवार पाळते, हे चित्र नेहमीचे आहे. शक्य असल्यास हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड यांबरोबर ब-१२ चीही तपासणी याच टप्प्यावर करून घ्यावी. फिट्स, मानसिक आजार, मुरुमे किंवा रक्तदाब यांसाठी एखादे औषध चालू असेल, तर ते गरोदरपणात चालते का हेही आताच विचारावे, परंतु स्वतःच्या मनाने ते बंद करू नये.

मिश्री याच पायरीवर सोडावी. "तंबाखू खाता का?" असे विचारले की "नाही" हे उत्तर चटकन येते. तीच बाई सकाळी, दुपारी आणि झोपण्यापूर्वी मिश्रीने दात घासत असते, आणि मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच होय. निकोटिनमुळे वारेकडे, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या अवयवाकडे, जाणारा रक्तप्रवाह कमी होतो. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. जन्मवजन अडीच किलोच्या काठावर असणाऱ्या आपल्या बाळांसाठी १०५ ग्रॅम ही लहान गोष्ट नाही. मिश्री एकदम सुटत नसेल तर वेळा कमी करत न्याव्यात आणि त्या वेळी तोंडात बडीशेप ठेवावी. घरातील मोठ्या बाईची डबी डोळ्यांसमोर असेल, तर सुनेची सवय सुटणे फार अवघड जाते. दारू या काळात थोडीही चालत नाही.

दुसरी पायरी : बारा आठवड्यांच्या आत नोंदणी

पाळी चुकल्याची खात्री झाली की आशा ताईंना सांगावे. त्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवतात आणि माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. शहरात राहणाऱ्यांना महापालिकेचे सावित्रीबाई फुले रुग्णालय आणि सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) हे सार्वजनिक पर्याय आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली विनामूल्य तपासणी होते. पहिल्या भेटीतच वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी आणि संसर्गाच्या तपासण्या होतात. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असणे म्हणजे गरोदरपणातील रक्तक्षय होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया या रेषेखाली आढळल्या. त्यामुळे तेथे ९.८ असा आकडा लिहिलेला दिसला तर घाबरून जाऊ नये, पण "सगळ्यांचेच कमी असते" असे म्हणून तो सोडूनही देऊ नये.

ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून आलेल्या आणि कारखान्याच्या परिसरात कोपी (तात्पुरती झोपडी) करून राहणाऱ्या कुटुंबांनाही ही नोंदणी खुली आहे. गावाकडचे कार्ड सोबत असेल तर तेच दाखवावे, नसेल तर जवळच्या उपकेंद्रात नवीन मागून घ्यावे. मुकादमाने टोळी दुसऱ्या गावी हलवली, तर कार्ड आणि गोळ्या ट्रॉलीतील सामानात न टाकता अंगावरच्या पिशवीत ठेवाव्यात.

तिसरी पायरी : ताट

या पायरीवर मी अधिक रेंगाळणार आहे, कारण जवळजवळ प्रत्येक घर येथेच अडते.

दोन जिवांसाठी दुप्पट खायचे नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदरपणात रोज सुमारे ३५० कॅलरी अधिक लागतात, म्हणजे ढोबळमानाने एक मध्यम भाकरी, वाटीभर घट्ट आमटी आणि लहान पेलाभर दूध. प्रथिनांची जादा गरज मात्र दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅम इतकी वाढते. ती भाताचा ढीग वाढवून भागत नाही. त्यासाठी डाळ, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे, दही, अंडी, मासे किंवा मटण ताटात यावे लागते. सुरुवातीचे वजन बेताचे असलेल्या बाईचे नऊ महिन्यांत १० ते १२ किलोंनी वाढणे अपेक्षित असते.

एका तपासणीच्या दिवशी करवीर तालुक्यातील एक मुलगी सासूबरोबर आली होती. सातवा महिना होता आणि हिमोग्लोबिन साडेआठ होते. सासूबाईंनी ठामपणे सांगितले, की दर रविवारी आणि बुधवारी घरात मटण असते, खाण्यापिण्याची ददात नाही. मी मुलीला विचारले, "तुझ्या ताटात फोडी किती येतात?" ती आधी हसली आणि मग म्हणाली, "फोडी कुठल्या वो, रश्शात भाकरी कुस्करून खातो की." सासूबाईंनी मान फिरवली. त्या खोटे बोलत नव्हत्या, घरात मटण खरोखरच होते. आधी पुरुष जेवतात, मग मुले, मग बायका, आणि त्यांतही सून शेवटी. तांबड्या रश्शात चव उतरते, रंग उतरतो, तवंग उतरतो, पण लोह आणि प्रथिने बहुतांशी फोडीतच राहतात. त्या दिवसापासून मी "काय खातेस?" हा प्रश्न विचारणे सोडून दिले आहे. "कितव्या पंगतीला बसतेस?" असे विचारते.

म्हणून या पायरीवरची पहिली सूचना बाईसाठी नाही. नऊ महिने तिचे ताट सर्वांत आधी वाढावे किंवा तिच्या वाटणीच्या फोडी, अंडे आणि दह्याची वाटी आधीच बाजूला काढून ठेवावी. याला पैसा लागत नाही.

याज्ञिक यांच्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष येथे उपयोगी पडतो. त्या गावांतील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान असली, तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी मात्र तितकीशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी धरणारी ही ठेवण पुढे मधुमेहाकडे झुकते. त्याच अभ्यासात, आठवड्यातून जितक्या अधिक वेळा आई पालेभाज्या आणि फळे खात होती, तितके बाळाचे आकारमान चांगले होते, आणि दुधाचाही तसाच संबंध दिसला. आपल्या बाजारात मेथी, पोकळा, तांदळा, अंबाडी, शेपू आणि शेवग्याचा पाला बहुतेक ऋतूंत मिळतो. रोज एक वाटी पालेभाजी आणि त्यावर लिंबू पिळलेले असावे, कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अधिक शोषले जाते. आजरा, चंदगड, भुदरगड या बाजूंची नाचणी कॅल्शियमचा फार चांगला स्रोत आहे. तिची भाकरी किंवा आंबील आठवड्यातून तीन-चार वेळा असावी. मीठ आयोडीनयुक्तच वापरावे. गोणीतून सुटे मिळणारे जाडे मीठ बहुधा तसे नसते, आणि आयोडीनची कमतरता थेट बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते.

आता गुळाविषयी थोडे वाईट बोलणे भाग आहे. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याच्या चवीबद्दल वाद नाही, आणि गुळाने रक्त वाढते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण गरोदर बाईची लोहाची रोजची गरज २७ मिलिग्रॅम असते, आणि १०० ग्रॅम गुळातून त्यातील जेमतेम काही मिलिग्रॅम मिळतात, तेही साडेतीनशेहून अधिक कॅलरी पोटात घेतल्यावर. चहात साखरेऐवजी गूळ घातल्याने हिमोग्लोबिन चढत नाही. गरोदरपणातील मधुमेह असेल, तर गूळ आणि साखर यांत काहीही फरक करू नये.

रक्त वाढवण्याचे काम गोळ्याच करतात. चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस घ्यायची असते. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असते. या दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोहाला अडवते, म्हणून त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर असावे. कॅल्शियम सकाळ-संध्याकाळच्या जेवणाबरोबर आणि लोहाची गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर, ही व्यवस्था बहुतेकींना मानवते. शौचास काळे होणे स्वाभाविक आहे. मळमळ पहिले आठ-दहा दिवस होते आणि मग ओसरते. चहा जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर टाळावा, आणि दिवसातून दोन कपांवर जाऊ देऊ नये. चौथ्या महिन्यानंतर जंताची एक गोळी दिली जाते, तीही घ्यावी.

गंगावेशीतील दूधकट्टा ही कोल्हापूरची शान आहे. समोर म्हैस पिळून फेसाळलेला पेला हातात मिळतो आणि पैलवानांपासून आजोबांपर्यंत सारे तो तिथेच उभ्याने रिकामा करतात. गरोदर बाईला मात्र धारोष्ण दूध देऊ नये. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात, आणि यांतील पहिल्या दोन्हींमुळे गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते. तेच दूध घरी आणून चांगली उकळी आणल्यावर निर्धोक होते. ज्यांच्या दारात जनावरे आहेत त्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. म्हैस व्याल्यावर पडलेली जार किंवा गाभटलेले वासरू गरोदर बाईने हाताळू नये. ते काम दुसऱ्याने हातमोजे घालून करावे.

मांस, खिमा आणि वजडी पूर्ण शिजलेली असावी. कलेजी रक्तासाठी चांगली म्हणून वारंवार दिली जाते, परंतु तिच्यात अ जीवनसत्त्व इतके असते की सुरुवातीच्या महिन्यांत ते बाळाला अपायकारक ठरू शकते. त्यामुळे लोहासाठी कलेजीवर विसंबू नये. मुशीसारखे मोठे शिकारी मासे पाऱ्यामुळे टाळावेत, लहान मासे खुशाल खावेत. कच्ची पपई टाळावी. पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी काही बिघडत नाही. मिसळीचा कट छातीत जळजळ करतो, एवढाच त्याचा दोष. केशराने बाळ गोरे होत नाही.

"कमी खाल्ले की बाळ लहान राहते आणि बाळंतपण सोपे जाते" ही समजूत मात्र हसून सोडण्यासारखी नाही. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला थंडी लवकर बाधते, ते नीट ओढून पीत नाही आणि जंतुसंसर्गाला लवकर बळी पडते. प्रसूती सुलभ होण्यासाठी बाळाला उपाशी ठेवणे हा फार महागात पडणारा सौदा आहे.

ग्रहणाचेही तसेच. माझ्या पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात ग्रहण आले आणि घरच्यांनी मला तासन्‌तास अन्नपाण्याशिवाय एका जागी बसवले. संध्याकाळी उठताना चक्कर येऊन मी उंबऱ्यावर आपटले. ग्रहणात विळी हाती घेतली तर बाळाचा ओठ फाटतो, असे म्हणतात. बाळाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यांदरम्यान जुळून येतो. सहाव्या महिन्यातील ग्रहणाला तो फाडता येत नाही. ज्यांना श्रद्धेने घरात बसायचे असेल त्यांनी बसावे, पण पाणी आणि खाणे चालू ठेवूनच.

माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खाण्याची ओढ हे पुष्कळदा रक्तक्षयाचे लक्षण असते. ती ओढ असल्यास न लाजता सांगावे, कारण मातीतून जंत आणि शिसे दोन्ही पोटात जातात.

चौथी पायरी : पाणी

काविळीच्या हिपॅटायटिस ई या प्रकाराचा विषाणू सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरतो. धडधाकट पुरुष त्यातून दोन-तीन आठवड्यांत बरा होतो, पण शेवटच्या तिमाहीतील गरोदर बाईच्या बाबतीत तो दर पाच जणींमागे एकीच्या जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली, ती या भागातील लोकांच्या अजून स्मरणात आहे. पंचगंगेच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या गावांत आणि गळक्या नळवाहिन्या असलेल्या वस्त्यांत गरोदर बाईचे पिण्याचे पाणी वर्षभर उकळूनच द्यावे. खळखळून उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटे ठेवून, झाकून गार करावे आणि ओगराळ्याने काढावे. पाणी उकळणे शक्य नसेल तेव्हा आरोग्य केंद्रातून मिळणारे मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे.

पुराचे नियोजन वेगळे करावे लागते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी शिरोळ, करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील गावे पाण्याने वेढली गेली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पूरपट्ट्यातील ज्या घरात आठवा किंवा नववा महिना चालू आहे, त्या घराने ४३ ची वाट पाहू नये. ३९ चा इशारा मिळाला की तिला उंचावरच्या नातेवाइकांकडे, शक्यतो रुग्णालयाच्या जवळ, हलवावे. कार्ड, तपासण्यांचे कागद आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून द्याव्यात. पाणी ओसरल्यावर घरातील गाळ काढण्याचे काम तिला देऊ नये, कारण त्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो.

पाचवी पायरी : धूर

"आमच्याकडे गॅस आहे" या उत्तरावर थांबू नये. स्वयंपाक गॅसवर होतो, पण अंघोळीचे पाणी मागच्या दारच्या चुलीवर किंवा बंबात तापते. ती चूल पेटवण्यासाठी आधी प्लॅस्टिकची पिशवी किंवा चपलेचा तुकडा लावला जातो, त्यावर पाचट आणि मग लाकूड. पहाटे साडेपाचला वाकून ती फुंकण्याचे काम घरातील सुनेकडे असते. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० पट अधिक चिकटतो. मुळात हिमोग्लोबिन कमी, आणि आहे त्यातील काही धुराने अडवलेले, अशा स्थितीत बाळाकडे जाणारा ऑक्सिजन दोन्ही बाजूंनी घटतो. सूक्ष्म धूलिकणांचा संबंध कमी जन्मवजनाशी आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी अनेक देशांतील अभ्यासांनी जोडला आहे. म्हणून नऊ महिने बंब दुसऱ्याने पेटवावा, प्लॅस्टिक तर कोणीच जाळू नये, आणि चूल घरात असेल तर ती अंगणात किंवा धुराडे असलेल्या जागी न्यावी.

ऊसतोड झाल्यावर शेतात पाचट पेटवले जाते, त्या दिवशी गरोदर बाईने रानात जाऊ नये. पाचट कुजवून जमिनीत मिसळणे पिकासाठीही चांगले आहे, पण तो विषय शेतीवाल्यांनी सांगावा. गुऱ्हाळावर काम असेल तर चुलाणाच्या तोंडाशी जळण सारण्याचे काम बदलून घ्यावे. नवऱ्याची विडी-सिगारेट घराबाहेर गेली पाहिजे. बंद खोलीत डासांची कॉइल लावण्यापेक्षा मच्छरदाणी बांधावी. डेंग्यू टाळणे आवश्यकच आहे, पण रात्रभर धुरात झोपून नव्हे.

सहावी पायरी : कामाची जागा

फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतर निदान दोन दिवस त्या शेतात जाऊ नये. फवारणी करून आलेल्या नवऱ्याचे कपडे धुणे हाही विषाशी येणारा संपर्कच आहे. ते कपडे त्याने स्वतः, वेगळ्या बादलीत धुवावेत, आणि औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी किंवा धान्य कधीही भरू नये. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांनीही घरी येताच कपडे बदलावेत. हुपरीत चांदीचे काम पुष्कळदा राहत्या घरातच चालते. जोडकामाच्या धातूत कधी कधी कॅडमियम असते आणि उजळणीसाठी आम्ले वापरली जातात, तेव्हा गरोदर बाईने ओवण्या-मोजण्याचे कोरडे काम घ्यावे आणि भट्टी दुसऱ्या खोलीत असावी. इचलकरंजीच्या मागांवर उभ्याने होणारी पाळी, कापसाचे तंतू आणि खडखडाट हे तिन्ही एकत्र असतात. आईने कानात बोळे घातले तरी आवाज पोटातून बाळापर्यंत जातोच, म्हणून मागापासून दूरचे, बसून करण्याचे काम मागावे. नोंदणीकृत आस्थापनांत पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

सातवी पायरी : शेवटचे महिने

साखरेची तपासणी पहिल्या भेटीत झालेली असली तरी २४ ते २८ आठवड्यांदरम्यान पुन्हा करावी. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून अधिक आली, तर आहार लगेच बदलावा लागतो, कारण वाढलेली साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ अवास्तव मोठे होते आणि जन्मल्याबरोबर त्याची साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आठवी पायरी : बाळंतिणीची खोली

पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यावे आणि पिवळसर चीक पाजावा. तो पिळून टाकू नये. मध, गुळाचे पाणी, गुटी यांतील काहीही सहा महिने नको. मधातून तर वर्षाच्या आतील बाळाला बोटुलिझमची विषबाधा होऊ शकते. काजळातही शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून ते डोळ्यांत घालू नये.

नऊ महिने धुरापासून जपलेले बाळ बाराव्या दिवसाच्या आतच पुन्हा धुरात आणले जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. खोलीच्या खिडक्या बंद, दाराच्या फटीत गोधडी कोंबलेली, खाटेखाली कोळशाची शेगडी आणि त्यावर ओवा-शेपा टाकून बाळाला दिलेली धुरी. आई-बाळाला ऊब हवी हा त्यामागचा हेतू योग्य आहे, पण बंद खोलीतील कोळशाची शेगडी दोघांच्याही जिवावर उठू शकते, आणि नवजात फुप्फुसांना ओव्याचा धूर हा लाकडाच्या धुरासारखाच असतो. शेक घ्यायचा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा घ्यावा. बाळाची ऊब आईच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण घेऊन सर्वांत चांगली राखली जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर दिवसातील अधिकाधिक तास तसेच ठेवावे.

रुग्णालयात प्रसूती झालेल्या घरी आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्या बाळाचे वजन करतात, तेव्हा आईच्या गोळ्यांच्या पट्ट्याही त्यांना दाखवाव्यात. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायच्या असतात, आणि बारशाच्या गडबडीत बहुतेक घरांत सर्वांत आधी त्याच बंद पडतात.